‘वगळून’ : कोल्हापूरच्या १९०२ च्या आदेशातील एका टिपेविषयी

२६ जुलै १९०२ रोजी करवीर सरकारच्या गॅझेटात एक आदेश प्रसिद्ध झाला. शाहू छत्रपती त्या वेळी सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणाच्या निमित्ताने इंग्लंडात होते. आदेश लांबलचक नाही. तो हाती पडल्याच्या तारखेपासून संस्थानात ज्या जागा रिकाम्या होतील त्यांपैकी शेकडा ५० जागा मागासलेल्या वर्गांतील उमेदवारांतून भराव्यात. ज्या कचेऱ्यांत या वर्गांचे प्रमाण शेकडा ५० पेक्षा कमी आहे तेथे पुढची नेमणूक त्यांच्यातूनच करावी. आणि सर्व खातेप्रमुखांनी अशा नेमणुकांचे तिमाही पत्रक पाठवावे, एवढाच त्याचा आशय. दरवर्षी २६ जूनला, महाराजांच्या जयंतीदिवशी, या आदेशाचा उल्लेख प्रत्येक व्यासपीठावरून होतो आणि तो योग्यच आहे. त्याच्या शेवटी जोडलेली टीप मात्र बहुधा कोणी वाचून दाखवीत नाही. टीप सांगते, की मागासलेले वर्ग म्हणजे ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग वगळून बाकीचे सर्व.

मी मराठी शिकवतो. गणिताशी असलेला माझा संबंध अकरावीत तुटला तो तुटलाच. परंतु कायद्याच्या भाषेतील अव्यये पाहण्याची खोड आमच्या विषयात लागते, आणि या टिपेतील ‘आणि’ व ‘वगळून’ हे दोन शब्द मला बरीच वर्षे अडवून धरीत होते. पुढे संख्याशास्त्राच्या एका सहकाऱ्याने चहाच्या टेबलावर वर्तुळे काढून दाखवली, तेव्हा ध्यानात आले की ज्या गोष्टीला मी व्याकरण समजत होतो तिला त्यांच्याकडे संयोग, छेद आणि पूरक अशी नावे आहेत. ही वर्तुळे जॉन व्हेन या इंग्रज तर्कशास्त्रज्ञाने १८८० मध्ये प्रचारात आणली. म्हणजे आदेश निघाला तेव्हा त्यांना पुरती बावीस वर्षे झाली होती. त्या टेबलावरच्या बोलण्याचा आधार घेऊन ही टीप पुन्हा एकदा वाचावी, एवढाच या लेखाचा हेतू.

प्रथम ‘आणि’. ‘महिला आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी राखीव’ अशी पाटी आपण एस.टी.त वाचतो. त्या बाकावर बसण्यासाठी प्रवासी महिलाही असली पाहिजे आणि ज्येष्ठही असली पाहिजे, असे कोणी समजत नाही. दोहोंपैकी एक असणे पुरे, दोन्ही असल्यास हरकत नाही. गणिताच्या भाषेत हा संयोग झाला. म्हणजे मराठीतील हा ‘आणि’ प्रत्यक्षात ‘किंवा’चे काम करतो. उलट ‘पदवीधर आणि विवाहित उमेदवार’ असे म्हटले की तोच ‘आणि’ दोन्ही अटी एकदम मागतो, हा छेद. ‘किंवा’चीही तीच गत. पाहुण्याला ‘चहा की कॉफी?’ असे विचारले तर एकच काय ते निवडायचे असते. ‘चहा किंवा कॉफी काहीही चालेल’ या उत्तरात ती सक्ती नाही. आपल्या भाषेला ‘की’ आणि ‘किंवा’ यांतला हा भेद उपजतच ठाऊक आहे, पण शासकीय मराठी तो पाळत नाही. प्रवेश समितीवर काम करताना मी स्वतः एकदा ‘मुली आणि मागासवर्गीय विद्यार्थी’ यांची एकूण संख्या म्हणून दोन रकान्यांची सरळ बेरीज लिहून दिली होती. ती वर्गाच्या पटसंख्येपेक्षाही अधिक भरली आणि चार दिवस चेष्टेचा विषय झाली. ज्या मुली मागासवर्गीयही होत्या त्यांना मी दोनदा मोजले होते. दोन गटांचा संयोग मोजायचा तर दोघांची बेरीज करून सामाईक भाग एकदा वजा करावा लागतो. ही गोष्ट शाळकरी मुलाला कळते. समितीला मात्र कळलेली नव्हती.

आता टिपेकडे येऊ. तीत चार गटांची नावे आहेत आणि ती ‘आणि’ने जोडली आहेत. हा ‘आणि’ एस.टी.च्या पाटीवरचा, म्हणजे संयोगाचा. चारांपैकी कोणत्याही एका गटात मोडणारा माणूस त्या संयोगात आला. नंतर ‘वगळून’ हा शब्द येतो आणि सगळे उलटते. मागासलेला कोण? जो ब्राह्मण नाही, आणि प्रभू नाही, आणि शेणवी नाही, आणि पारशी नाही, तो. नकार आत शिरला की संयोगाचा छेद होतो, बाहेरचे ‘किंवा’ आतले ‘आणि’ बनते. या नियमाला ऑगस्टस डी मॉर्गन यांचे नाव आहे. हे गणिती १८०६ मध्ये मदुराईत जन्मले होते, हे सांगितल्यावाचून राहवत नाही.

वगळण्याच्या या रीतीचा मोठा गुण असा, की तिला जातींची यादी करावी लागत नाही. मराठा, कुणबी, धनगर, महार, मांग, लिंगायत, जैन, मुसलमान यांपैकी कोणाचेही नाव घेतल्याविना सारे आत आले. दुसरा गुण अधिक सूक्ष्म आहे. शेणवी ब्राह्मण आहेत की नाहीत, हा वाद त्या काळी जुना आणि कडवट होता. टिपेने दोन्ही नावे शेजारीशेजारी लिहिली आणि वादाला बगल दिली. शेणव्यांना ब्राह्मण माना वा न माना, संयोग तोच राहतो. एखादा माणूस दोन वर्तुळांत असला तरी संयोगात तो एकदाच येतो. हे लिहिणाऱ्याने जाणूनबुजून साधले की सहज साधले गेले, हा प्रश्न मी बाजूला ठेवतो. परिणाम मात्र स्पष्ट आहे. वेदोक्ताच्या वादाने नुकत्याच ढवळून निघालेल्या संस्थानात ‘कोण कोण आहे’ याचा आणखी एक निवाडा न करता आदेश अमलात येऊ शकत होता.

दोष एकच, ‘इतर पुढारलेले वर्ग’. या तीन शब्दांनी वर्तुळाची रेषा एका बाजूने पुसट ठेवली आहे.

या आदेशाची पार्श्वभूमी सांगताना काही आकडे हटकून दिले जातात. १८९४ मध्ये शाहू महाराज गादीवर आले तेव्हा सामान्य प्रशासनातील ७१ जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मण अधिकारी होते, आणि ५०० कारकुनी जागांपैकी केवळ १० जागांवर ब्राह्मणेतर होते. १९१२ पर्यंत ९५ जागांपैकी ब्राह्मण अधिकारी ३५ उरले. ७१ अधिकाऱ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या एका मडक्यात घालून डोळे मिटून एक काढली, तर ती ब्राह्मणाची असण्याची संभाव्यता ७१ पैकी ६०, शेकडा सुमारे ८४.५. अठरा वर्षांनी तीच शेकडा सुमारे ३६.८. योगायोग असा, की १८९४ मध्ये ब्राह्मण अधिकारी ६० होते आणि १९१२ मध्ये ब्राह्मणेतर अधिकारी बरोबर ६०.

पण येथे वाचकाने थोडे थांबावे, कारण भाषणांतून नेहमी होणारी चूक नेमकी येथेच होते. हे आकडे ब्राह्मण आणि ब्राह्मणेतर असे मोजलेले आहेत. टिपेतील मागासलेले वर्ग म्हणजे ब्राह्मणेतर नव्हेत. ब्राह्मणांचा पूरक गट मोठा. ब्राह्मण, प्रभू, शेणवी व पारशी या संयोगाचा पूरक गट त्याहून लहान, आणि पहिल्याच्या पोटात बसणारा. या दोहोंमधल्या पट्ट्यात कोण राहत होते ते पाहायचे तर दूर जायला नको. शाहू महाराजांच्या कारकिर्दीत दीर्घकाळ दिवाण असलेले रघुनाथराव सबनीस प्रभू होते. ते ब्राह्मणेतर अधिकाऱ्यांच्या मोजणीत येतात. १९०२ च्या टिपेप्रमाणे मागासलेल्या वर्गांत येत नाहीत. १८९५ मध्ये सेवेत आलेले भास्करराव जाधव मराठा असल्याने दोन्हींत येतात. तेव्हा १८९४ मधील ते उरलेले ११ अधिकारी ‘मागास’ समजणे चूक, आणि १९१२ मधील ६० जणांना सरसकट आदेशाचे लाभार्थी समजणेही तेवढेच चूक. मडक्यातून मागासलेल्या वर्गाची चिठ्ठी निघण्याची संभाव्यता १८९४ मध्ये फार तर ७१ पैकी ११ होती, एवढेच या आकड्यांवरून म्हणता येते. चळवळीच्या भाषेत ‘ब्राह्मणेतर’ आणि ‘मागास’ हे शब्द पुढे एकमेकांच्या जागी इतके वापरले गेले की या पट्ट्याचे भान सुटले. तो पट्टा लोकसंख्येने लहान असेल, कचेरीत मात्र लहान नव्हता.

आदेशाने निम्म्या जागा दिल्या, पण त्या भरायच्या कोणी? जागेसाठी मागासलेल्या वर्गातला ‘आणि’ शिकलेला असा उमेदवार हवा होता. हा आणि छेदाचा. येथे संभाव्यतेचा आणखी एक नियम आठवावा लागतो. दोन घटना परस्परांपासून स्वतंत्र असतील तरच त्यांच्या छेदाची संभाव्यता साध्या गुणाकाराने निघते. पावसाचे येणे आणि नाण्याचा छापा यांचा एकमेकांशी संबंध नाही, तेथे गुणाकार चालतो. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर जात आणि शिक्षण यांचा संबंध इतका घट्ट होता, की लोकसंख्येतील मागासलेल्यांचे प्रमाण आणि शिकलेल्यांचे प्रमाण यांचा गुणाकार करून येणारा आकडा प्रत्यक्ष आकड्याच्या आसपासही फिरकला नसता. छेद जवळजवळ रिकामा होता. १८९६ मध्ये राजाराम कॉलेजला जोडून सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एकच वसतिगृह काढण्यात आले होते. दार सर्वांना उघडे होते आणि व्यवहारात ते वसतिगृह ब्राह्मण विद्यार्थ्यांचेच झाले. दार उघडे असणे आणि दारापर्यंत पोहोचणे या दोन घटना वेगळ्या आहेत, हे महाराजांनी यातून ओळखले असावे असे मला वाटते. कारण आदेशाच्या एक वर्ष आधी, १९०१ मध्ये, व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि दिगंबर जैन बोर्डिंग सुरू झाले. १९०६ मध्ये मुसलमान विद्यार्थ्यांचे बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. आणि १९१७ मध्ये सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण. दसरा चौकात उभे राहिले की यांतल्या काहींच्या इमारती आजही नजरेच्या टप्प्यात येतात. आदेशाने जागा राखल्या. त्या जागांवर बसू शकेल असा छेद घडवण्याचे काम या इमारतींनी केले, आणि त्याला आदेशापेक्षा कितीतरी अधिक वर्षे लागली. जैन समाजातील अण्णासाहेब लठ्ठे हे या छेदातले ठळक नाव. एम.ए., वकील, राजाराम कॉलेजात इंग्रजीचे अध्यापक, १९२४ मध्ये महाराजांचे इंग्रजी चरित्र लिहिणारे आणि पुढे कोल्हापूरचे दिवाण झालेले लठ्ठे, टिपेच्या व्याख्येने ‘मागासलेल्या’ वर्गातले होते.

५० या आकड्याविषयीही एक गोष्ट नोंदवतो. १९०२ च्या आदेशात तो तळ आहे. प्रमाण त्याच्या खाली असेल तेथे पुढची नेमणूक मागासलेल्यांची. उरलेल्या निम्म्या जागा पुढारलेल्यांसाठी राखून ठेवल्या आहेत असे आदेश कोठेही म्हणत नाही. १६ नोव्हेंबर १९९२ रोजी इंद्रा साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने सर्वसाधारणपणे ओलांडू नये म्हणून जी मर्यादा सांगितली तीही ५०, पण ते छत आहे. आकडा एक, दिशा दोन. या दोन पन्नासांना एकाच परंपरेतले मानून जे लिहिले जाते त्यातील पुष्कळ भाग या दिशेकडे लक्ष न दिल्याने गोंधळलेला आहे.

राखीव जागांचा पूरक म्हणजे काय, हा प्रश्न अजून न्यायालयांची दारे ठोठावतो. जी जागा राखीव नाही ती सर्वांची असते. खुला प्रवर्ग हा ‘उच्चवर्णीयांचा’ प्रवर्ग नव्हे. तो विश्वसंच आहे, त्यात प्रत्येक उमेदवार असतो. पण बोलताना आपण ‘ओपनचा मुलगा’ असे सहज म्हणून जातो आणि संपूर्ण संचाचे रूपांतर एका बंद कप्प्यात करून टाकतो. उत्तर प्रदेशातील पोलीस भरतीच्या प्रकरणात हेच झाले. इतर मागासवर्गातील एका महिला उमेदवाराला २७६ हून अधिक गुण होते, तर खुल्या महिला जागेवर निवडलेल्या शेवटच्या उमेदवाराला २७५ हूनही कमी. तरी अधिक गुणांची उमेदवार बाहेर राहिली, कारण खुल्या महिला जागा या राखीव प्रवर्गांबाहेरच्याच महिलांच्या, असे राज्य शासनाने धरले होते. १८ डिसेंबर २०२० रोजी सौरव यादव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा समज चुकीचा ठरवला. महाराष्ट्रातही असाच घोळ दीर्घकाळ चालला होता.

महाराष्ट्राविषयी आमच्यासारख्या भाषेच्या माणसाची एक वेगळी तक्रार आहे. जातींनुसार दिलेल्या आरक्षणाला उभे आणि महिला, माजी सैनिक, दिव्यांग यांच्या आरक्षणाला आडवे म्हणतात. उभ्या-आडव्या रेषा एकमेकींना छेदतात, म्हणून ही उपमा चपखल आहे. अनुसूचित जातींच्या १३ जागा असतील तर महिलांचे ३० टक्के त्या १३ च्या आतच काढायचे, म्हणजे सुमारे ४. खुल्या जागांतले खुल्यांच्या आत. हा प्रत्येक ठिकाणी छेदच आहे. आपल्या शासकीय मराठीने मात्र या आडव्या आरक्षणाचे नाव ठेवले ‘समांतर आरक्षण’. समांतर रेषा एकमेकींना कधीच छेदत नाहीत, हे भूमितीच्या पहिल्या पाठात शिकवतात. या नावाने किती उमेदवारांची आणि किती लिपिकांची दिशाभूल केली असेल, याची मोजदाद कोणी केलेली नाही.

उभ्या आरक्षणाचे गणित वेगळे. महाराष्ट्रात अनुसूचित जाती १३, अनुसूचित जमाती ७, विमुक्त जाती ३, भटक्या जमातींचे तीन गट मिळून ८, विशेष मागास प्रवर्ग २ आणि इतर मागासवर्ग १९, अशी बेरीज करून ५२ टक्के येतात. २०१९ पासूनचे आर्थिक दुर्बलांचे १० आणि २०२४ च्या कायद्याने मराठा समाजाला दिलेले १० मिळवले की ७२. ही बेरीज करता येते, कारण हे सर्व गट एकमेकांना छेदत नाहीत असे गृहीत धरले आहे. एक उमेदवार, एक कप्पा. माणसे मात्र अशी कप्प्याकप्प्यांत जन्मत नाहीत. आर्थिक दुर्बलांचाच प्रवर्ग घ्या. १०३ व्या घटनादुरुस्तीने तो आखला आहे तो छेदाने: उत्पन्न कमी ‘आणि’ इतर कोणत्याही आरक्षणाचा लाभार्थी नाही. येथेही १९०२ च्या टिपेसारखेच एक ‘वगळून’ आहे. फक्त टिपेत पुढारलेले वगळले होते, येथे मागास वगळले आहेत. दारिद्र्याच्या नावाने काढलेल्या वर्तुळातून अनुसूचित जातीतला दरिद्री माणूस बाहेर जातो तो या अटीमुळे. ७ नोव्हेंबर २०२२ रोजी ही दुरुस्ती तीन विरुद्ध दोन मतांनी वैध ठरली. विरोधी मत देणारे सरन्यायाधीश लळित आणि न्यायमूर्ती भट यांचा मुख्य आक्षेप या वगळण्यालाच होता. सौरव यादव खटल्याच्या पीठावरही हे दोघे होते.

आणि शेवटी मराठा-कुणबी. १९०२ च्या टिपेत मराठा आणि कुणबी यांच्यातली सीमा कोठे, हे विचारण्याची गरजच पडली नव्हती. दोघेही ‘बाकीच्या सर्वां’त होते, कोणी दोन्ही असला तरी काही बिघडत नव्हते, जसे शेणव्याला ब्राह्मण म्हटल्याने काही बिघडत नव्हते. संयोगाला दुहेरी ओळख चालते, बेरजेला चालत नाही. २००४ मध्ये मराठा-कुणबी आणि कुणबी-मराठा यांची नोंद इतर मागासवर्गात झाली, मराठा मात्र त्या यादीबाहेर राहिले, आणि एकाच भावकीतल्या दोन घरांना दोन रकाने आले. २०२३ पासून कुणबी नोंदी शोधण्याची शासकीय मोहीम सुरू झाली तेव्हा अभिलेखागारांतली जुनी दप्तरे खाली उतरवली गेली. शाळांची दाखलखारीज रजिस्टरे, जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या, महसुली कागद. बरेचसे मोडीत. मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. ज्या विषयाचा अभ्यासक्रम आमच्याकडे विद्यार्थ्यांअभावी रखडत होता, त्याची चौकशी करायला पालक येऊ लागले. अशाच एका नोंदवहीचे छायाचित्र एका विद्यार्थ्याने मला दाखवले. पणजोबांच्या नावापुढे जातीच्या रकान्यात एकच अक्षर होते, ‘कु’, आणि त्याखालच्या ओळीत, त्याच गावच्या, त्याच आडनावाच्या मुलापुढे, ‘म’. दोन्ही नोंदी एकाच हाताने, एकाच शाईने केलेल्या दिसत होत्या.